शाळा बंद असतात तेव्हा

ऑगस्टची सकाळ. साडेआठच वाजलेत, पण रस्त्याचं डांबर आत्ताच तापलंय. ग्रीसच्या लेसवॉस बेटावरच्या मितिलिनीहून उत्तरेला निघालं की समुद्र उजव्या हाताला राहतो. डावीकडे टेकड्या, टेकड्यांवर ऑलिव्ह, आणि त्यांच्या फांद्यांत बसून किर्र ओरडणारे किडे. दिसत मात्र एकही नाही.

रस्त्याला पदपथ नाही. पांढऱ्या पट्टीच्या आतून माणसं एकामागे एक चालतात. एक बाई बाबागाडी ढकलतेय. गाडीत पाण्याच्या बाटल्या, मूल कडेवर. तिच्या मागे दोन पोरं एकाच सायकलवर. दोघांच्या पायांत एकाच निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या चपला. एकाच खोक्यातून वाटलेल्या असणार. धाकट्याला त्या दोन बोटं मोठ्या होतात, म्हणून तो पायाची बोटं आवळून बसलाय.

पाण्यापलीकडे तुर्कस्तानचे डोंगर दिसतात. बेटाच्या उत्तर टोकाला हे अंतर जेमतेम दहा किलोमीटर भरतं. मागे बंदरावर आयवालिकहून येणारी बोट लागली असेल. तिच्यातून तुर्की पर्यटक उतरतात, चाकांच्या बॅगा ओढत, मासे खायला. 2024 पासून त्यांना या बेटावर यायला सात दिवसांचा व्हिसा हातोहात मिळतो. प्रवास दीड तासाच्या आतला. ज्यांना व्हिसा मिळण्याची शक्यता नाही, ते रात्री रबरी होडीतून निघतात आणि कितीतरी पट जास्त पैसे मोजतात.

वळण घेतलं की निर्वासितांची छावणी दिसते. मावरोवुनी. समुद्राच्या अगदी काठावर पांढऱ्या कंटेनरांच्या ओळी, मध्ये खडीचे रस्ते, भोवती कुंपण, कुंपणावर काटेरी तार. झाड नाही. सावली हवी असेल तर दोन कंटेनरांच्या मधल्या फटीत बसायचं, आणि तिथे आधीच कोणीतरी बसलेलं असतं. ही जागा लष्कराच्या गोळीबार सरावाची होती. पुढे इथल्या काही मातीत शिसं सापडलं, तेव्हा वरून नवी खडी आणि माती टाकली गेली. इथे छावणी आली ती 2020 च्या सप्टेंबरात. तोवर सगळे आतल्या बाजूला, मोरिया गावाजवळ होते. ती जागा तीनेक हजारांची. 2020 च्या सुरुवातीला तिथे आणि भोवतालच्या ऑलिव्हच्या मळ्यात वीस हजारांच्या घरात माणसं राहत होती. सप्टेंबरच्या 8 तारखेच्या रात्री ती जळाली. बारा हजारांहून अधिक लोक रस्त्यावर आले. मग काही दिवसांत हे तंबू उभे राहिले, आणि तंबूंच्या जागी हळूहळू कंटेनर.

फाटकावर रांग. आत जाणाऱ्यांची वेगळी, बाहेर येणाऱ्यांची वेगळी. कार्ड दाखवा, पिशवी उघडा, पुढे चला. भाजी आणलेल्या पिशवीतले टोमॅटोसुद्धा पहारेकरी हातानं वरखाली करून बघतो. फोटोला मनाई असल्याचा फलक चार भाषांत आहे. मी आत जाणार नाही. मला जायचंय ते इथून थोडं पुढे, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला.

तिथे एक जुनी गोदामवजा इमारत आहे आणि मागे मोठं अंगण. छावणीतले लोक दिवसभरासाठी येतात ती ही जागा. कपडे धुण्याची यंत्रं, फोन चार्ज करायला लाकडी फळीवर ओळीनं प्लग, शिवणयंत्रांची खोली, इंग्रजी आणि ग्रीकचे वर्ग. आणि टोकाला, शेडनेटखाली, मुलांची जागा. दार साडेनऊला उघडतं. आत्ता नऊ वाजलेत आणि दाराशी तीसेक मुलं आहेत.

ही रांग मोठ्यांच्या रांगेपेक्षा शिस्तीची आहे. बघताना आधी कौतुक वाटतं. मग लक्षात येतं की सहा-सात वर्षांच्या पोरांना रांगेचे बारकावे इतके पाठ असणं काही बरं लक्षण नाही. एक मुलगी आपली चप्पल जागेवर ठेवून पाणी प्यायला जाते. कोणी ती चप्पल हलवत नाही. परत आल्यावर ती चपलेत पाय घालते आणि पुढच्या मुलाच्या पाठीला नाक लावून उभी राहते. छावणीत न्याहारीची रांग असते, जेवणाची असते, डॉक्टरची असते, कागदांची असते. खेळायचीही आहे.

आत स्वयंसेवकांची सकाळची बैठक चालू आहे. अंगणातल्या बाकांवर बाराजण. बहुतेक विशी-बाविशीतले. जर्मन, डच, स्पॅनिश, दोन अमेरिकन, एक आयरिश मुलगी जिचं नाक उन्हानं सोललंय. विमानाचं भाडं स्वतःचं, खोलीचं भाडं स्वतःचं, जेवणही. कोणी शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीचं वर्ष काढतंय, कोणाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमासाठी तासांचं प्रमाणपत्र हवंय, कोणाचं प्रेम मोडलंय. शेवटचं कारण कोणी सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत असतं.

त्यांच्यात एक सांगलीचा आहे. जर्मनीत शिकतो, सत्राची सुट्टी आहे म्हणून आला. मराठी ऐकून उडालाच. ‘‘ताई, इथे मला हिंदी उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो,’’ म्हणतो. अफगाण मुलांना हिंदी कळते. सिनेमे आणि मालिका. काबूलच्या एका आठ वर्षांच्या मुलीनं पहिल्याच दिवशी त्याला सासू-सुनेच्या सुरात दटावलं होतं म्हणे.

आज दोघी नव्या आहेत. त्यांना नियम सांगायचं काम समन्वयक बाई करतात. वय पस्तिशीचं, आवाज बसलेला, हातात थंड कॉफी. नियम भिंतीवर लिहिलेले आहेतच, पण त्या एकेक मोठ्यानं वाचतात. मुलाला आपण होऊन उचलायचं नाही. त्यानं हात धरला तर धरू द्यायचा. खोलीत मुलाबरोबर एकट्यानं थांबायचं नाही. फोन कपाटात. फोटो नाही, पाठमोरा नाही, नुसत्या हातांचाही नाही. घरून आणलेली खेळणी परस्पर द्यायची नाहीत. कुठून आलास, कसा आलास, वडील कुठे आहेत, हे विचारायचं नाही. फुगे नाहीत.

‘‘फुगे का नाहीत?’’ नवी विचारते.

‘‘फुटतात,’’ बाई म्हणतात.

शेवटचा नियम त्या कॉफीचा घोट घेऊन सांगतात. उद्या येणार नसाल तर ‘उद्या भेटू’ म्हणायचं नाही.

दोघी वहीत लिहून घेतात. येण्याआधी त्यांनी आपापल्या देशातून पोलिसांचा दाखला आणलाय, त्याशिवाय मुलांच्या जागेत पाय ठेवता येत नाही. आठवड्याभरासाठी येतो म्हणणाऱ्यांना इथे घेत नाहीत. निदान महिना. त्याहून कमी दिवसांत मुलांची नावंच जेमतेम पाठ होतात, आणि पाठ झाली की निघायची वेळ. मला हा नियम सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि महिनाही कमीच वाटतो. बाईंचंही तेच म्हणणं आहे, पण महिन्याहून जास्त कोणाला परवडतं? ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे हात जास्त होतात. फेब्रुवारीत, समुद्रावरून गार वारा सुटलेला असतो आणि कंटेनरात ओल आलेली असते तेव्हा, अर्ज करणारं कोणी नसतं.

साडेनऊ. दार उघडतं.

आवाज आधी आत येतो. मग मुलं. फारसी, अरबी, सोमाली, तिग्रिन्या, मध्येच काँगोतल्या भावंडांची फ्रेंच. दाराशी एक तरुण वही घेऊन उभा आहे आणि प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हलकेच पेन टेकवत नाव लिहितो. हा अफगाण आहे, हेरातचा. एकोणीस वर्षांचा. अंगात इतरांसारखंच हिरवं जाकीट, फक्त पाठीवर वेगळ्या अक्षरांत ‘समुदाय स्वयंसेवक’ लिहिलंय. म्हणजे तो स्वतः छावणीत राहतो. त्याला बसचं भाडं आणि दुपारचं जेवण मिळतं, पगार नाही. बाराजणांपैकी सगळ्यांत जुना तोच. तो आल्यापासून इथे किती परदेशी तरुण येऊन गेले, हे विचारलं तर तो हसतो आणि वहीची मागची पानं दाखवतो. तिथे निरोपाच्या दिवशी लिहिलेल्या सह्या आहेत, बदाम काढलेल्या, फोन नंबर दिलेल्या. पानं संपत आलीत.

त्याचा आश्रयाचा अर्ज दोनदा फेटाळला गेलाय. त्याच्यासारख्यांचं गणित असं: 2021 मध्ये ग्रीसनं ठरवलं की अफगाण, सीरियन, सोमाली, पाकिस्तानी आणि बांगलादेशी माणसांसाठी तुर्कस्तान हा सुरक्षित देश आहे, त्यांनी तिथेच आश्रय मागावा. पण तुर्कस्ताननं मार्च 2020 पासून ग्रीसकडून माणसं परत घेणं थांबवलेलं होतं. म्हणजे इथे ठेवायचं नाही आणि तिथे पाठवता येत नाही. अशी माणसं मधेच राहतात. हा मधल्या काळात इंग्रजी शिकला, ग्रीक शिकला, अरबी कामापुरती शिकला.

आजचं काम कागदाचे मासे. अठरा कात्र्या ट्रेमधून बाहेर येतात, आयरिश मुलगी त्या मोठ्यानं मोजते, मुलंही तिच्याबरोबर इंग्रजीत मोजतात. शेवटी अठरा परत मोजल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. शेडनेटमधून उन्हाचे चौकोन टेबलांवर पडलेत. पंखे दोन आहेत, एक चालतो. कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर समुद्राकाठचा एकेक गोटा.

निर्वासित मुलं म्हटली की ती होडी काढणार, आई काढणार, बॉम्ब काढणार, असं आपल्या मनात असतं. वर्तमानपत्रांत तीच चित्रं येतात. टेबलांमधून फिरताना मला दिसतं ते असं: एका माशाच्या अंगावर दहा नंबरची गुलाबी जर्सी. एकीनं माशाला पापण्या काढल्यात, लांबच लांब. एकानं मासा कापताच केला नाही, संपूर्ण कागद हिरवा रंगवून तो माझ्यापुढे धरला आणि हिंदीत म्हणाला, ‘‘मछली अंदर है.’’ एका कोपऱ्यात एक मुलगा काहीच करत नाही. कात्री हातात धरून उघडझाप करत बसलाय. नवी त्याच्याकडे निघते. हेरातचा तरुण डोळ्यांनीच तिला थांबवतो. वीसेक मिनिटांनी मुलगा स्वतः उठून डिंकाची बाटली आणतो. तरुण तिकडे बघतही नाही, पण त्यानं बघितलंय.

ग्रीक कायद्यानं या मुलांना सरकारी शाळेत जाण्याचा हक्क आहे. तो मिळवायला लसींचा कागद, नोंदणीचा कागद, बस आणि जागा असं सगळं एका वेळी जुळावं लागतं. ज्यांचं जुळतं त्यांचीही शाळा आता बंद आहे. ग्रीसमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. घर असलेल्या मुलांना ती पोहायला लागते. इथे ती नुसती लांब असते.

कार्यालयाच्या दारावर जूनमधल्या जागतिक निर्वासित दिनाचं पोस्टर अजून चिकटवलेलं आहे, कोपरे उन्हानं वळलेले. 2024 च्या अखेरीला जगभरात बळानं घर सोडावं लागलेल्यांची संख्या 12 कोटी 32 लाख. त्यांतली सुमारे 40 टक्के मुलं. महाराष्ट्राच्या लोकसंख्येइतका हा एकूण आकडा आहे. तो वाचून पुन्हा शेडनेटखाली यायला काही पावलंच लागतात, आणि इथे प्रश्न असा आहे की जांभळा कागद संपलाय आणि तिघींना जांभळाच हवाय.

बारा वाजता मुलं परत जातात. पण दुपारचं जेवण छावणीत वाटलं जातं, म्हणून काही जणी साडेअकरालाच उठतात. त्यांतली एक मोठी बहीण सात वर्षांची, तिला धाकट्याला घेऊन रांगेत उभं राहायचंय. आई आजारी आहे. मुलगी आपला अर्धा मासा दप्तरात नीट सपाट ठेवते. दप्तरात दुसरं काही नाही.

कात्र्या सतरा.

सगळे थांबतात. टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यात, गोट्यांखाली शोध. पापण्यांचा मासा करणारीच्या बाहीतून अठरावी निघते. कोणी रागावत नाही. हेरातचा तरुण तिच्यापुढे हात पसरतो, ती कात्री ठेवते, तो मान वाकवून आभार मानतो, दरबारी थाटात. ती हसून पळते. बाजूला सांगलीकर मला हळूच सांगतो, ‘‘मी असतो तर पाच मिनिटं भाषण दिलं असतं.’’

दुपार. या तासांबद्दल लिहिण्यासारखं थोडं आहे. उकाडा. समुद्र पन्नास पावलांवर आहे आणि वारा नाही. कपड्यांच्या यंत्रांची घरघर. फोनच्या फळीपुढे पुरुष उकिडवे बसलेत, आपापल्या फोनच्या टक्क्यांवर नजर. एकाच्या पडद्यावर बँकेचा संदेश आलाय का, हे तो पुन्हा पुन्हा बघतो. छावणीत राहणाऱ्या एकट्या माणसाला महिन्याला 75 युरो मिळायचे ठरलेले आहे. ते कित्येक महिने अडकून राहतात. स्वयंसेवक भांडी घासतात, खोकी उतरवतात, टी-शर्ट मापांप्रमाणे लावतात. दान आलेल्या खोक्यात काय नसतं? एकात आज उंच टाचांचे बूट निघाले, सात जोड, आणि लग्नातला पांढरा झगा. झग्याचं काय करायचं यावर चर्चा होते. शेवटी शिवणखोलीतली सोमाली बाई तो उचलते. त्यातून मुलींचे चार फ्रॉक निघतील, ती बोटांनी दाखवते.

जाकीट घालून उन्हात खोकी उतरवायला आलेल्या या तरुणांना समुद्रकिनाऱ्यावर मात्र फार जायचं नसतं, म्हणजे रात्री. 2015 मध्ये याच बेटावर पाच लाखांहून अधिक माणसं उतरली. बेटाची स्वतःची वस्ती लाखाच्या आत. तेव्हा उत्तरेकडच्या स्काला सिकामिनियासच्या किनाऱ्यावर गावातल्या म्हाताऱ्या बायका ओली बाळं घेऊन बसत होत्या आणि देशोदेशीचे तरुण कमरेइतक्या पाण्यात उभे राहून होड्या ओढत होते. मग 2018 मध्ये बचावकार्यातल्या काही स्वयंसेवकांना अटक झाली. तस्करीपासून हेरगिरीपर्यंतचे आरोप लागले, आणि खटला वर्षानुवर्षं चालला. आता नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतात: किनाऱ्यावर काही दिसलं तर आधी कोणाला फोन करायचा, आणि काय करायचं नाही. समन्वयक बाई हे सांगताना भिंतीकडे बघतात.

साडेपाचला ऊन थोडं खाली येतं. मागच्या अंगणात क्रिकेट. टेनिसच्या चेंडूवर विजेची काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, यष्ट्या म्हणून पाण्याचं रिकामं पिंप. बॅट सुताराच्या वर्गात बनलेली आहे, ऑलिव्हच्या लाकडाची, भलतीच जड. जर्मन मुलगा क्षेत्ररक्षणाला उभा आहे. त्याला अजून षटक कळलेलं नाही, पण तो प्रामाणिकपणे पळतो. सांगलीकर पहिल्या चेंडूवर बाद. अंगण दणाणतं. कुंदुझचा तेरा वर्षांचा गोलंदाज हात पसरून मैदानाला फेरी मारतो आणि त्याच्याजवळ येऊन सांगतो, ‘‘इंडिया खतम.’’

कुंपणाबाहेर दोन-तीन बाया उभ्या राहून बघतात. एकीच्या कडेवरचं मूल झोपलंय. एका बाजूला सीरियन मुलींचा दोरीचा खेळ चालू आहे. त्यांना क्रिकेटशी काही देणंघेणं नाही, चेंडू आला की पायानं उडवून देतात. एरिट्रियाचा एक उंच मुलगा फुटबॉल काखेत धरून वाट बघतोय. साडेसहानंतर मैदान त्याचं. तो घड्याळ बघतो, चेंडू दुसऱ्या काखेत घेतो, पुन्हा घड्याळ बघतो.

सात वाजता बस भरते. स्वयंसेवक गावाकडे निघतात, हेरातचा तरुण छावणीकडे. जुन्या उत्तर बंदराजवळून जाताना एक पुतळा लागतो: डोक्याला रुमाल बांधलेली बाई, तिला बिलगलेली मुलं. आशिया मायनरची आई म्हणतात तिला. 1922 मध्ये समोरच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, पळून आलेल्या ग्रीक कुटुंबांची ती आठवण. बेटावरच्या कितीतरी घरांतली आजी-पणजी याच पाण्यावरून आली. बसमधल्या कोणी आज पुतळ्याकडे बघत नाही. सगळे थकलेत, आणि आयरिश मुलगी रडतेय. तिचा उद्या शेवटचा दिवस.

नियमाप्रमाणे तिनं मुलांना तीन दिवस आधी सांगितलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपल्या नावापुढे विमान चिकटवलंय. मुलांनी ते बघितलं आणि विचारलं, मग तुझी निळी टोपी कोण घालणार? दोघींमध्ये त्यावरून भांडणही झालं. ती सांगते आणि रडता रडता हसते. मला वाटतं, मुलं या निरोपांना तिच्यापेक्षा सरावलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, ती आपली वही नव्या मुलीकडे सोपवते. हस्तांतराची वही. गेल्या महिन्यात तिनं टिपलेलं सगळं त्यात आहे, नीट रेघा मारून. कोणाला डिंकाचा वास सहन होत नाही. कोण दोन भाऊ शेजारी बसले की मारामारी करतात. कोणाला चष्मा लागलाय पण अजून मिळालेला नाही. कोण टाळ्या वाजल्या की टेबलाखाली जातो, आणि तेव्हा त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं, ओढून काढायचं नाही. नवी एकेक वाचते. हेरातचा तरुण तिच्या खांद्यावरून वाकून बघतो आणि पेन मागून घेतो.

‘‘हे भाऊ गेले,’’ म्हणतो, ‘‘सोमवारच्या बोटीनं. अथेन्स.’’ तो नावांवर रेघ मारतो. ‘‘चष्मा आला. हिला आता डिंक चालतो, हिरव्या बाटलीतला नाही, पांढऱ्या. आणि हा,’’ तो टेबलाखाली जाणाऱ्याच्या नावावर पेन टेकवतो, ‘‘हा आता टेबलाखाली जात नाही. दाराबाहेर जातो. म्हणून टाळ्या वाजल्या की तू दाराजवळ उभी राहा.’’

नवी लिहून घेते. बाहेर रांगेत चप्पल कोणाची यावरून आरडाओरडा सुरू झालाय, फारसीत एका बाजूनं आणि अरबीत दुसऱ्या. तो वही बंद करून तिच्या हातात देतो आणि दाराकडे जातो. साडेनऊला अजून चार मिनिटं आहेत.